मालमोटारीच्या डिझेलांत कोणतें औषध घालावें?

सोनपेठ तालुक्यांत उंसाबरोबर कित्येक शेतकऱ्यांच्या दारांत ट्रकही आले. हंगाम सुरू झाला म्हणजे डिझेलांत घालावयाच्या लहान बाटल्या विकावयास येतात. एका बाटलीनें ॲव्हरेज वाढेल, धूर जाईल व नोझल नव्यासारखें होईल, असें विकणारा सांगतो. ताप, खोकला आणि पोटदुखी यांवर एकच मात्रा देणाऱ्या वैद्याकडे आपण ज्या नजरेनें पाहतों, त्याच नजरेनें या बाटलीकडे पाहावें.

हीं औषधें निरनिराळ्या जातींचीं असतात. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेल फवारलें जातें व तें आपोआप पेटतें. पेटण्याच्या या तत्परतेच्या मापास सीटेन अंक म्हणतात. तो वाढविणारें औषध थंडींत गाडी सुरू होण्यास साहाय्य करतें. परंतु आपल्याकडील डिझेलचा अंक निदान ५१ असावा असा मूळचाच नियम आहे. दुसरी जात नोझलवरील काजळी धुणारी. नोझल मळलें असेल तर तिचा गुण येतो. झिजलें असेल तर येत नाहीं.

तिसरी जात वंगणाची. १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलांतील गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आणलें गेलें. गंधक काढतांना तेलाचा अंगचा वंगणपणा कमी होतो हें खरें, पण ती उणीव तेल कंपन्या स्वतःच भरून काढतात. रॉकेलची भेसळ झाली म्हणजे मात्र वंगण पुन्हां घटतें, आणि केवळ डिझेलवर वंगण पावणारा रोटरी पंप आधीं बिघडतो. तेथें बाटली घेण्यापेक्षां तेल घेण्याचें ठिकाण बदलावें. घनता व पांच लिटरचें माप तपासून मागण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे. तो बजावतांना भीड धरूं नये. कित्येक ड्रायव्हर वंगणासाठीं जळकें ऑइल टाकीत ओततात. त्यांतील राख व कीट नोझल खातात.

आपल्याकडे खरा शत्रू पाणी. हंगाम संपल्यावर ट्रक पावसाळाभर अर्ध्या टाकीनें उभा राहतो. रिकाम्या भागांतील ओलावा थंड होऊन तळाशीं पाणी सांचतें. तेल व पाणी जेथें मिळतात तेथें सूक्ष्म जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो व फिल्टर बुजतो. म्हणून टाकी भरून ठेवावी व फिल्टरखालील पाणी वरचेवर सोडावें. जंतुनाशक औषध गाळ दिसल्यावरच, तेंही टाकी धुऊन, घालावें.

नव्या ट्रकांस युरियाचें जें द्रावण लागतें तें डिझेलचें औषध नव्हे. त्याची टाकी निराळी असते. त्यांत ३२.५ टक्के शुद्ध युरिया व क्षाररहित पाणी असतें. तें डिझेलच्या टाकीत पडलें तर पंप व नोझल दोन्ही जातात. उलट, घरचा नीमलेपित युरिया विहिरीच्या पाण्यांत विरघळवून तें द्रावण करूं पाहणाऱ्याचें धुराड्यांतील महागडें यंत्र निकामी होतें. शिवाय सवलतीचा युरिया शेतीबाहेर वापरणें हा गुन्हा आहे.

आतां हिशेब पाहूं. समजा, डिझेल ९० रुपये लिटर आणि टाकी २०० लिटरची. म्हणजे १८,००० रुपये. बाटली ४५० रुपयांची असेल तर टाकीमागें पांच लिटर, म्हणजे अडीच टक्के, वांचले तरच मुद्दल निघतें. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें इंधन वांचविणारीं म्हणून विकलीं जाणारीं शंभराहून अधिक साधनें तपासलीं. लक्षांत येण्याजोगी बचत त्यांस आढळली नाहीं.

तरीही ज्यास पाहावयाचें असेल त्यानें नोंद ठेवावी. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दफ्तरांत गेल्यामुळें त्यास तोंडच्या ॲव्हरेजवर भरंवसा नाहीं. कारखान्याच्या काट्याची पावती हें वजनाचें आयतें प्रमाण आहे. वाट तीच, ड्रायव्हर तोच, टाकी गळ्यापर्यंत भरून पुन्हां गळ्यापर्यंत; अशा दहा खेपा औषधाविना व दहा औषधासह लिहाव्या. चाकांतील हवा प्रत्येक खेपेस सारखी ठेवावी, कारण कमी हवेनें जितकें तेल जातें तितकें कोणत्याही बाटलीनें परत येत नाहीं. ट्रक हमीच्या मुदतींत असेल तर नोंदीस आरंभ करण्यापूर्वींच हमीपत्रांतील इंधनाचें कलम वाचावें.