मावशींना 'ए फॉर ॲपल' नको

मेसमधल्या मावशी दिवसभरात किती इंग्रजी शब्द बोलतात, कधी मोजलेत? सिलिंडर, रिचार्ज, बॅलन्स, ओटीपी... शब्द सगळे तोंडात, पण लिहिलेले ओळखता येत नाहीत. म्हणून बँकेचा मेसेज आला की फोन तुमच्यापुढे येतो, ''बाळा, पैसे आले की गेले?''

त्यांना शिकवायचं मनात आलं, तर लहान मुलांचं पुस्तक आणू नका. ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात १९६३ साली पावलो फ्रेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवलं, तेही त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. भाषा पोर्तुगीज होती. युक्ती इंग्रजीलाही चालते.

पहिल्या दिवशी दोनच शब्द घ्या, 'क्रेडिटेड' आणि 'डेबिटेड'. मावशींच्या फोनवरच दाखवा. दोन्हींचा शेवट सारखा, म्हणून पहिलं अक्षर बघायचं. सी असेल तर आले, डी असेल तर गेले. मग गोळ्यांच्या पाकिटावरचं 'ई-एक्स-पी' आणि त्यापुढची तारीख. मग लिहिणं: आधी स्वतःचं नाव, नंतर लेकीचा नंबर तिच्या नावाने सेव्ह करणं.

रोज पंधरा मिनिटं पुरे, तीही जेवणं उरकल्यावर, त्यांच्या सवडीने. स्पेलिंग चुकलं तर हसू नका. मोठ्या माणसाची वही एकदा मिटली की पुन्हा उघडणं अवघड असतं.

आणि एक दिवस मेसेज येईल, पण मावशी फोन घेऊन तुमच्याकडे येणार नाहीत. समजा, शिकवणी जमली!