पुंज संगणन आणि कलानिर्मिती : लिबी हीनी यांच्या 'एंट-' या कलाकृतीच्या संदर्भात

विज्ञान व कला ही परस्परभिन्न क्षेत्रे आहेत, असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटिश कलावंत लिबी हीनी यांचे कार्य या समजास छेद देते. पुंजभौतिकीत पीएच.डी. संपादन करून त्या कलेकडे वळल्या. २०२२ साली बर्लिन येथे प्रदर्शित झालेल्या 'एंट-' या कलाकृतीत त्यांनी हिरोनिमस बॉश यांच्या 'द गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' या चित्राची नव्याने मांडणी केली. त्यासाठी स्वतःच्या जलरंगचित्रांवर आयबीएमच्या पुंज संगणकाच्या साहाय्याने संस्करण केले.

साध्या संगणकातील बिट शून्य किंवा एक असतो. क्यूबिट मात्र मापनापूर्वी दोहोंच्या अध्यारोपित अवस्थेत राहू शकतो. परस्परांत गुंतलेल्या क्यूबिटांची मापनफले परस्परसंबद्ध असतात. याच तत्त्वांच्या आधारे येथील प्रतिमा विरघळतात, एकमेकींत मिसळतात.

तथापि, मोजक्या क्यूबिटांचे अनुकरण साधा संगणकही करू शकतो. मग पुंज संगणकाचे प्रयोजन कोणते? वेग हे त्याचे उत्तर नव्हे. एकाच वेळी अनेक शक्यता नांदणे हा येथे कलाकृतीचा आशयच आहे. म्हणून अशा कृतींचे मूल्यमापन यंत्राच्या नावीन्यावरून न करता, पुंजतत्त्व त्यांच्या घडणीत कितपत उतरले आहे, यावरून व्हावे. यदृच्छा यंत्राची असली, तरी निवड कलावंताचीच राहते.