हात वर जात नाही? एमआरआयच्या आधी होणारी पाच मिनिटांची तपासणी खूप काही सांगते

बीडहून मांजरसुंब्याला येऊन केजच्या रस्त्याला लागलं की नेकनूर येतं. या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. कोयत्यानं ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि एका हातानं सावरत फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. पाच-सहा महिने हेच काम. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपतो, माणसं गावी येतात आणि तोपर्यंत अंगावर काढलेलं दुखणं तेव्हा कुठे दवाखान्यात पोहोचतं. केस विंचरायला हात वर जात नाही, पाठीमागे हात नेता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

पुढचा प्रवासही बहुतेकांच्या ओळखीचा आहे. आधी मेडिकलवरून गोळी आणि मलम. मग मालिश. कुणी नाव सुचवलं तर हाडं बसवणाऱ्याकडे एक फेरी. तरीही कळ थांबली नाही की कुणीतरी म्हणतं, ‘एमआरआय काढून घ्या.’ गावात एमआरआय होत नाही, त्यासाठी बीड गाठा नाहीतर अंबाजोगाई. तपासणीचे पैसे, गाडीभाडं, बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्याचाही बुडालेला रोज, असा सगळा हिशोब होतो.

या धावपळीत एक पायरी हमखास सुटते. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. डॉक्टरांनी दोन्ही खांदे उघडे करून शेजारी-शेजारी बघायचे, रुग्णाला हात हलवायला लावायचा, मग स्वतः तो हात हलवून बघायचा आणि शेवटी थोडा जोर लावून. नेकनूरच्या कुटीर रुग्णालयात काय किंवा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात काय, ही तपासणी सारखीच असते.

बशीवरचा चेंडू

मांडीचा सांधा उखळीसारखा खोल असतो. खांदा तसा नाही. तो बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा असतो. म्हणून तर हात सगळ्या दिशांना फिरतो आणि म्हणूनच तो लवकर बिघडतो. हा चेंडू बशीवर टिकवायचं काम चार स्नायू करतात. त्यांच्या पट्ट्यासारख्या शिरा हाडाच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात. डॉक्टर या चौघांना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यातली सगळ्यात वरची शीर, सुप्रास्पायनेटसची, खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते. हात सतत वर धरून काम करणाऱ्यांची बरीचशी दुखणी याच जागेभोवतीची असतात.

हात तुमच्यानं उठत नाही, की कुणाच्यानंच उठत नाही?

पूर्ण तपासणीत सगळ्यात उपयोगाचा प्रश्न कोणता, असं विचारलं तर तो हा.

समजा, एका बाईचा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, ‘हात सैल सोडा’ आणि स्वतः तो हळूहळू वर नेतात. हात गेला, तर सांधा मोकळा आहे, पण त्याला उचलणारी यंत्रणा कमकुवत आहे किंवा दुखतेय. इथे शीर फाटल्याची शंका येते. पण डॉक्टरांनी नेऊनही हात अर्ध्यात अडकला, तर सांधाच आखडलाय. हा बहुतेकदा ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे आपल्याकडचा ‘खांदा जखडणं’. हे इंग्रजी नाव बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कोडमन यांनी १९३४ साली दिलं.

जखडलेला खांदा ओळखायची खूण आणखी साधी आहे. कोपर कुशीला चिकटवून काटकोनात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. चांगल्या खांद्याचा पंजा बराच बाहेर जातो. जखडलेल्या खांद्याचा पंजा डॉक्टरांनी नेला तरी जात नाही. झिजलेला सांधा किंवा मागच्या बाजूला निखळलेला खांदाही असाच अडतो, त्यामुळे अशा वेळी एक साधा एक्स-रे काढणं शहाणपणाचं.

या दोन दुखण्यांचे रस्ते वेगळे आहेत. जखडलेला खांदा साधारण चाळीस ते साठ या वयात दिसतो आणि मधुमेह असणाऱ्यांत जास्त दिसतो. म्हणून खांदा जखडला असेल आणि साखर कधी तपासलीच नसेल, तर ती तपासून घ्यायला हवी. एमआरआयच्या मानानं ती तपासणी फारच स्वस्त पडते. आणि अशा खांद्याला कुणी ‘एका झटक्यात मोकळा करतो’ म्हणत ओढलं, तर हाड मोडण्यापर्यंत वेळ जाऊ शकते.

नावाच्या चाचण्या, खेळासारख्या हालचाली

यानंतर येतात त्या नावं असलेल्या चाचण्या. बघणाऱ्याला त्या गमतीशीर वाटतील, पण प्रत्येकीमागे शरीररचनेचं गणित आहे.

हात बाजूनं वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच कळ येते आणि त्याच्या खाली-वर कमी होते. याला दुखरी कमान म्हणता येईल. अमेरिकी सर्जन चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये ‘हाडाखाली शीर चिमटते’ ही कल्पना मांडली. त्यांच्या चाचणीत डॉक्टर एका हातानं खांद्यामागचं फऱ्याचं हाड दाबून धरतात आणि दुसऱ्यानं रुग्णाचा सरळ हात समोरून वर नेतात. १९८० मधल्या हॉकिन्स-केनेडी चाचणीत कोपर वाकवलेला हात खांद्याच्या उंचीवर धरून पंजा खाली फिरवतात. दोन्हींत कळ आली तर त्या अरुंद जागेत काहीतरी दुखतंय, एवढं कळतं.

फ्रँक जोब यांची चाचणी डोळ्यांसमोर आणायला सोपी आहे. हात समोर तिरका धरून तांब्या उलटा करून पाणी ओतल्यासारखा अंगठा खाली करायचा. डॉक्टर वरून दाबतात, रुग्णानं हात तसाच धरून ठेवायचा. हात सुटला तर वरच्या शिरेत जोर नाही. हे तेच जोब, ज्यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या बेसबॉलपटूच्या कोपरावर गाजलेली शस्त्रक्रिया केली होती.

स्विस सर्जन ख्रिस्तियन गर्बर यांची १९९१ची चाचणी पुढच्या स्नायूसाठी आहे. हाताची मागची बाजू कमरेवर टेकवायची आणि तिथून पंजा पाठीपासून उचलायचा. आणि ‘हात पडण्याची’ चाचणी म्हणजे डॉक्टर हात वर नेऊन सोडतात, रुग्णानं तो सावकाश खाली आणायचा. मध्येच हात धपकन पडला तर शीर मोठी फाटल्याची शंका बळावते.

एका चाचणीवर भरवसा नको

सोशल मीडियावर ‘ही एक ट्रिक करा आणि खांद्याचा आजार ओळखा’ असे रील फिरत असतात. त्यांचा घोळ इथेच आहे. खांद्यात सगळं इतकं जवळजवळ असतं की एका हालचालीनं एकच शीर वेगळी काढून तपासता येत नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात या चाचण्यांपैकी अमुकच निवडा, असं सांगण्याइतका पुरावा सापडला नव्हता.

मग चाचण्या करायच्या कशाला? तर त्या एकत्र वाचायच्या असतात. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुखरी कमान, हात पडणं आणि कोपर कुशीला ठेवून बाहेर ढकलताना जोर कमी पडणं अशा तीन खुणा एकत्र मोजल्या गेल्या. तिन्ही सापडल्या तर शीर आरपार फाटलेली असण्याची शक्यता ९१ टक्के निघाली. त्यात वय, काम आणि ‘दुखणं कसं सुरू झालं’ हे मिसळलं की डॉक्टरांचा अंदाज आणखी नेमका होतो. ‘मोळी घेऊन फळीवरून घसरले’ आणि ‘हळूहळू दुखायला लागलं’ या दोन वाक्यांत निदानाचा मोठा भाग असतो. नाव पुकारल्यावर दोन मिनिटांत बाहेर यावं लागणाऱ्या ओपीडीत ही वाक्यं बोलायचीच राहून जातात, ही खरी अडचण.

फोटोत दिसतं ते सगळंच दुखत नसतं

एमआरआय वाईट नाही, पण एकटा तो फसवू शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेत खांद्याचा काहीच त्रास नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले गेले. ३४ टक्क्यांच्या शिरांमध्ये कमी-जास्त फाटणं दिसलं. साठीच्या पुढच्या गटात हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे वयानं केस पिकतात तशा शिराही विरतात. रिपोर्टमध्ये ‘टेअर’ लिहिलंय म्हणजे दुखणं त्याचंच, असं नाही. ते हातानं केलेल्या तपासणीशी जुळावं लागतं.

ऑपरेशनचंही तसंच. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. खांद्याच्या टोकाचं हाड घासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया त्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढण्याशी ताडून पाहिली. रुग्णांना जाणवेल असा फरक आढळला नाही. या अभ्यासात शीर आरपार फाटलेले रुग्ण नव्हते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

इथे मात्र थांबू नका

पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात अचानक उचलताच येईनासा झाला, तर ‘उसण भरली असेल’ म्हणून महिनोन्‌महिने काढू नका. ताजी फाटलेली शीर वेळेत शिवता येते. उशीर झाला की ती आखडून मागे सरकते आणि तिचा स्नायू बारीक होत जातो. खांदा निखळल्याची एक जुनी खूण आहे. दुखऱ्या हाताचा पंजा समोरच्या खांद्यावर ठेवला की कोपर छातीला टेकत नाही. अशा वेळी घरी ओढाताण न करता थेट दवाखाना गाठा.

हाताला मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर कळ खाली उतरत असेल, तर मूळ मानेत असू शकतं. ताप आणि सुजलेला, तापलेला सांधा ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते. आणि खांद्यासोबत छातीत जडपणा, घाम, धाप असेल तर खांद्याच्या चाचण्या बाजूला ठेवा, आधी ईसीजी.

बाकीच्या बहुतेक दुखऱ्या खांद्यांवर पहिला उपाय व्यायाम हाच असतो. शिकवून घेतलेला, रोजचा, आणि गुण येतोय का हे ठरवायला साधारण तीन महिने द्यावे लागतात. हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये खांदा तपासून घेतला, तर हे तीन महिने जुलैपर्यंत पूर्ण होतात. तपासणी सप्टेंबरवर गेली तर टोळी निघायची वेळ झालेली असते, आणि तोच खांदा पुन्हा फडात जातो.