हार्बर: सावत्र लाइनवरचा एक दिवस

मुंबईच्या लोकलवर लिहायला बसलेला प्रत्येक जण सुरुवात सीएसएमटीच्या घुमटाखाली करतो. घुमटाबद्दल माझी काही तक्रार नाही. १८७८ साली एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने त्या इमारतीचं काम सुरू केलं, पुरं व्हायला जवळजवळ दशक गेलं, २००४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसली, सगळं मान्य. पण ज्याला खरोखर रेल्वेचं वेड आहे त्याने घुमटाकडे पाठ करावी आणि मुकाट एक-दोन नंबरच्या फलाटावर जाऊन उभं राहावं. तिथून हार्बरच्या गाड्या सुटतात. मेन लाइनवाले हार्बरला कमी लेखतात, वेस्टर्नवाले तर तिला रेल्वेच मानत नाहीत. नवे रेक आधी दुसरीकडे आणि डब्यांची संख्या वाढवायची तरी आधी दुसरीकडे, हा इथला जुना रिवाज. आणि तरीही मुंबईच्या रेल्वेतली सर्वांत मजेदार गोष्ट कुठे घडली असेल तर ती याच सावत्र लेकीच्या अंगणात, असं माझं ठाम मत आहे.

इतिहासाचं कर्तव्य आधी उरकून टाकतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली: ३४ किलोमीटर, १४ डबे आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिनं. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८६० च्या दशकात बोर आणि थळ हे दोन्ही घाट चढले. पश्चिमेकडे बीबीसीआय या रेल्वे कंपनीने १८६७ साली विरारहून मुंबईत लोकल आणली. १९५१ साली जुन्या कंपन्यांच्या मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. झालं.

आता हार्बर. सकाळची गर्दी ओसरल्यावर भाच्याला घेऊन निघालो. "मामा, पण आपण जाणार कुठे?" असं त्याने दोनदा विचारलं. वाटेत दिसेल ते बघायचं, पनवेल गाठायचं आणि मुंबईला बाहेरून वळसा घालून परत यायचं, हे उत्तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला पटण्यासारखं नव्हतं. मस्जिद सोडलं की गाडी चढू लागते. सँडहर्स्ट रोडला मेन लाइन खाली राहते आणि हार्बरचे फलाट तिच्या डोक्यावर लोखंडी खांबांवर उभे असतात. एकाच स्टेशनाचे असे दोन मजले मुंबईत फार ठिकाणी नाहीत. तिथून डॉकयार्ड रोडपर्यंत गाडी घरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या उंचीवरून, वळणं घेत, जपून चालते. खिडकीतून माणसांचे वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या टाक्या, मध्येच गोदीतल्या क्रेनचा शेंडा. भाच्याने मोबाइल खिशात ठेवला तो इथे.

हा उंचावरचा तुकडा आहे म्हणूनच हार्बर आहे. कुर्ल्याहून रे रोडपर्यंतचा फाटा १९१० साली झाला होता, पण तो व्हीटीला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, जोडलेला नव्हता. गोदी, वखारी आणि दाटीच्या वस्तीमधून जमिनीवर जागा मिळेना, म्हणून डॉकयार्ड ते सँडहर्स्ट रोड हा भाग उचलून वर बांधला. तो जोडला गेला आणि त्याच वेळी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला या हार्बरच्या मार्गावरून भारतातली पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उद्घाटनाला होते. मेन लाइन नव्हे, चर्चगेट नव्हे, कोलकाता-मद्रास तर नव्हेच, हार्बर! कुलाबा–बोरिवली विजेवर गेली ती १९२८ च्या जानेवारीत. ज्यांना या लाइनीबद्दल नाक मुरडायचं असेल त्यांनी ही तारीख आधी पाठ करावी.

त्या गव्हर्नराचं नाव एका इंजिनालाही दिलं होतं. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या, मधे कुबड आणि दोन्हीकडे लांब नाक असलेल्या त्या जातीच्या इंजिनाला परदेशात मगर म्हणत, आपल्याकडे मात्र रेल्वेवाले त्याला 'खेकडा' म्हणत. सीएसएमटीला अठरा नंबर फलाटाच्या बाजूच्या हेरिटेज गल्लीत तो अजून उभा आहे. बाहेरगावच्या गाडीची वाट बघत तासभर बसणारी माणसं तिथपर्यंत चालत जात नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पण विजेचं खरं नाट्य पुढे आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार. १९२५ ची ती वीज म्हणजे १५०० व्होल्ट डीसी. त्या काळी इंजिनात बसवता येतील अशा मोटारींना थेट हीच वीज मानवत असे, म्हणून ती सोयीची. पण व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट जास्त. करंट जास्त म्हणजे तारा जाड आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं. गाड्या वाढल्या, डबे नवाचे बारा झाले, आणि तारांना हा भार पेलवेना. तोवर देशभर २५,००० व्होल्ट एसीचा निर्णय होऊन गेला होता. व्होल्टेज सोळा-सतरा पट म्हणजे करंट तेवढ्या पटीने कमी, तारा बारीक आणि सबस्टेशनं दूरदूर. मग मुंबईतही बदल करायचं ठरलं. बोलायला सोपं, पण रोज लाखो माणसं वाहणारी लाइन बंद न ठेवता तिच्या डोक्यावरची वीज बदलायची! तेवढ्या व्होल्टेजची तार पुलाच्या पोटाला चिकटून नेता येत नाही, मधे जास्त मोकळी जागा लागते. त्यापायी जुने ठेंगणे पूल आड आले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल पाडावा लागला तो यातच. मधल्या काळासाठी दोन्ही विजांवर चालणारे रेक आणले. जिथे एक वीज संपून दुसरी सुरू होई तिथे काही सेकंद पंखे गप्प, दिवे गुल. नवखी माणसं दचकायची, रोजची माणसं पत्त्यांचा डाव तसाच चालू ठेवायची.

पश्चिम रेल्वेचं काम २०१२ साली झालं, मध्य रेल्वेच्या मेन लाइनचं २०१५ मध्ये. हार्बर राहिली. एप्रिल २०१६ मधल्या एका शनिवारी रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, गेली. म्हणजे जी लाइन सगळ्यात आधी विजेवर गेली तीच जुन्या विजेला सगळ्यात शेवटपर्यंत धरून राहिली. एक्क्याण्णव वर्षं!

माझं दुःख आवाजाचं आहे. जुने पिवळे-तपकिरी रेक सुटताना खालून खडखड खटके बसत. मोटारींना करंट टप्प्याटप्प्याने दिला जाई आणि प्रत्येक टप्पा पायाला कळे. मग गिअरचा घोगरा सूर चढत जाई. २००७ नंतर आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या सुटतात त्या सुरेल शीळ घालत, झटका न देता, आणि ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. सगळ्या दृष्टीने उत्तम गाड्या. तरी डोळे मिटून कुठल्या डब्यात बसलोय, मोटर कोचच्या की साध्या, हे पूर्वी सांगता यायचं ते आता अवघड झालं. ज्याला ही हौस आहे त्याने आजही पेंटोग्राफ असलेला डबा फलाटावरूनच हेरून त्यातच चढावं. गाडीचं बोलणं तिथेच ऐकू येतं.

कॉटन ग्रीन, शिवडी करत वडाळा रोडला उतरलो. इथे लाइन दुभंगते: एक फाटा कुर्ला, मानखुर्द, वाशीकडे, दुसरा किंग्ज सर्कलवरून मध्य रेल्वेची मेन लाइन पुलाने ओलांडून माहीमला जातो आणि मग वांद्रे, अंधेरी, २०१८ पासून थेट गोरेगाव. म्हणजे मध्य रेल्वेची गाडी पश्चिम रेल्वेच्या घरात जाऊन राहून येते. वडाळ्याच्या पुलावर अर्धा तास उभं राहावं. कुठली गाडी कुठल्या बाजूला वळणार हे इंडिकेटर न बघता पॉइंटवरून ओळखायचा खेळ मी भाच्याला शिकवला. तो लवकर जिंकू लागला, तेव्हा मी चहाचा विषय काढला.

रविवारी मात्र हे सगळं करू नये, असं शहाणी माणसं सांगतात, कारण मेगाब्लॉक. माझा सल्ला उलटा आहे. ब्लॉकच्या दिवशी स्लो गाडी फास्टच्या रुळावर जाते, कधी न वापरलेल्या क्रॉसओव्हरवरून डबे वाकडे होत जातात, नेहमीचा फलाट पलीकडून दिसतो. वेळेवर कुठेही पोचायचं नसेल तर रविवारसारखा वार नाही.

कुर्ला ते चेंबूर हा रूळ १९०६ साली टाकला तो मुंबईचा कचरा वाहून न्यायला. प्रवाशांना त्यावर १९२४ मध्ये जागा मिळाली. आज तिथल्या फ्लॅटचे भाव ऐकले की कचरागाडीला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. मानखुर्द संपलं की खाडी. पुलावर दारातली माणसंसुद्धा एकदम गप्प होऊन वाऱ्याला तोंड देतात. वाशीपर्यंतची ही रेल्वे १९९२ साली झाली, पनवेल १९९८ मध्ये. नवी मुंबईच्या रेल्वेचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि स्टेशनंही सिडकोनेच बांधली, म्हणून ती अशी ऐसपैस, डोक्यावर ऑफिसं घेऊन उभी. मला ती आवडत नाहीत. स्टेशनात शिरल्यावर आधी गाडी दिसली पाहिजे, जिना नव्हे.

पनवेलहून वसईची मेमू पकडायची. या गाड्या मोजक्या, म्हणून दिवसाची आखणी इथून उलटी करत यावी. सीएसएमटीहून किती वाजता निघायचं ते पनवेल ठरवतं. तिकीटही वेगळं काढावं. लोकलच्या नकाशात हा मार्ग अंग चोरून काढलेला असतो, पण मुंबईत न शिरता कोकण आणि गुजरात जोडणारा हाच. दिव्याच्या पुढे कोपरला आपली गाडी वरून जाते आणि मेन लाइन खाली पसरते. खालून फास्ट, स्लो, मेल एकामागून एक जात होत्या. इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस का, हे भाच्याला इथेच सांगितलं: कल्याणला लाइन फुटते, एक ईशान्येला कसाऱ्याकडे, एक आग्नेयेला कर्जतकडे. आयुष्यभर एस म्हणजे स्लो समजून कर्जत गाडीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

इथे पारसिकच्या बोगद्याची आठवण निघतेच. १९१६ चा तो सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा म्हणजे डोंबिवली-कल्याणकरांच्या फास्ट गाडीचा मानबिंदू. बोगद्यात शिरताच दारातली पोरं ओरडत, कान दडपत, आणि बाहेर पडलं की मुंब्र्याचा डोंगर मागे गेलेला असे. २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. वाहतुकीच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. पण डोंबिवलीच्या आताच्या शाळकरी मुलांना बोगद्यातली आरोळी माहीत नसणार.

उल्हास ओलांडली की भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र. डब्यात भाजीच्या टोपल्या, शेजारून कंटेनरची लांबलचक मालगाडी, डाव्या-उजव्या हाताला डोंगर आणि मिठागरं. कुणाला खरं वाटणार नाही की वांद्र्याहून हे सगळं दोन-अडीच तासांच्या आत आहे. वसई रोडला पुन्हा गर्दीने गिळलं. नायगाव ते भाईंदर खाडीपुलावर, पाणजू बेट दिसतं त्या बाजूची खिडकी भाच्याने स्वतः हेरली. मी काही बोललो नाही.

गोरेगावला वाद झाला. त्याला समोर आलेल्या एसी फास्टने चर्चगेट गाठायचं होतं; मला गोरेगावहून हार्बरने अंधेरी, माहीम, वडाळा करत सीएसएमटीला जाऊन फेरा पुरा करायचा होता. "मामा, तू ये निवांत," म्हणून तो चढला. माझी गाडी माहीमच्या अलीकडे सिग्नलला थांबली होती तेव्हा त्याचा फोन आला: चर्चगेटला उतरून, फोर्टात डोसा खाऊन तो सीएसएमटीच्या एक नंबर फलाटावर येऊन उभा होता आणि विचारत होता की वडाळ्याच्या पॉइंटवर गाडी कुठल्या रुळाने येते ते नीट बघून सांग.