चार दांड्या फुल्ल, तरी कॉल गुल!

दिवाळीची सुट्टी जवळ आली, लॅपटॉप बॅगेत टाकला, रात्रीची बस पकडली आणि सकाळी वडवणीच्या घरी हजर! बॉसला तोऱ्यात सांगून ठेवलंय, 'टेन्शन नको, गावाहून लॉगिन होईन.' सोमवारी अकराला क्लायंट कॉल. मोबाइलवर रेंजच्या चारही दांड्या उभ्या. आणि नेमक्या महत्त्वाच्या स्लाइडला तुमचा चेहरा फ्रीज, आवाज रोबोटचा! मग काय, सगळं खापर वडवणीच्या टॉवरवर.

असे अजून दोन कॉल गेले की गावाहून काम करायची परवानगी बंद. म्हणजे आईच्या हातचा फराळ पंधरा दिवसांऐवजी दोनच दिवस. तेव्हा दोष नक्की कुणाचा, हे शोधलेलं बरं. माहिती तुमच्याच फोनमध्ये असते, फक्त दडलेली.

दांड्यांचा फंडा

किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे जो तो फोन बनवणारा ठरवतो. २०१० साली ॲपलने जाहीर कबूल केलं होतं, की आयफोनचं दांड्या मोजण्याचं सूत्रच साफ चुकलंय. खरा आकडा असतो डीबीएममध्ये. बहुतेक अँड्रॉइड फोनवर 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाउट फोन'मध्ये जा, 'सिम स्टेटस' उघडा. ४जीवर वजा ९०च्या आसपास असेल तर ठीक, वजा ११०च्या पुढे गेला तर कठीण. आतल्या खोलीतून गच्चीवर गेलात तर हाच आकडा किती बदलतो, बघाच.

पण सिग्नल उत्तम असूनही कॉल अडकतो. कारण दांड्या फक्त टॉवर आणि तुमच्यातलं सांगतात. पुढे रांग किती, हे नाही.

रांग कुठे लागली?

स्पीड टेस्टमध्ये २० एमबीपीएस दिसले की आपण खूश. कॉलला मात्र तीन वेगळ्या गोष्टी लागतात. डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, त्या वेळातला चढउतार म्हणजे जिटर आणि वाटेत हरवलेला डेटा म्हणजे पॅकेट लॉस. 'पिंग' हे नाव माइक म्यूस यांनी १९८३ साली आपल्या प्रोग्रामला दिलं, पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून.

आता गंमत बघा. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. वडवणी ते मुंबई रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन फक्त चार मिलिसेकंद! वळसे आणि टॉवरपर्यंतचा हवेतला टप्पा धरला तरी काही दहा मिलिसेकंदांची भर. मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग ४०० दाखवत असेल, तर दोष गावाच्या अंतराचा नाही. कुठेतरी रांग लागलीय.

ती घरातच असू शकते. आधी सगळं शांत असताना पिंग बघा. मग चुलतभाऊ त्याच वायफायवरून लग्नाचा व्हिडिओ अपलोड करत असताना बघा. आकडा एकदम उसळला, तर चोर सापडला! याला 'बफरब्लोट' म्हणतात. दादाला अर्धा तास थांबवा, कॉल सुधारेल.

ॲपलाही कळू दे

आपल्यासारखं ॲपही बऱ्याचदा अंधारात असतं. डेटा हरवला किंवा उशिरा आला की ते अंदाज बांधतं आणि चित्र धूसर करतं. यावर उपाय आहे. डेटा टाकून देण्याऐवजी वाटेतल्या यंत्राने त्यावर 'पुढे गर्दी' अशी खूण करायची. ईसीएन नावाची ही पद्धत २००१ मध्ये प्रमाण झाली, तिची नवी आवृत्ती एलफोरएस २०२३ मध्ये आली. पण वाटेतली यंत्रं आणि ॲप, दोघांनाही ती खूण समजायला हवी.

आकडे घेऊन भांडा

'नेट स्लो आहे' म्हटलं की कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, 'फोन रिस्टार्ट करा.' तारीख, वेळ, डीबीएम आणि पिंग सांगा, बोलणं पुढे सरकतं. ट्रायचं 'मायस्पीड' ॲप २०१६ साली आलं. त्यातली चाचणी थेट ट्रायकडे पाठवता येते. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर २जी ते ५जी कव्हरेजचे नकाशे द्यायचे आहेत.

तर पुढच्या खेपेला बसचं तिकीट काढण्याआधी नकाशा बघा, पोचल्यावर गच्ची ते ओसरी आकडे मोजा आणि चांगली जागा हेरून ठेवा. सोमवारी अकराला तिथेच बसा. चकलीची प्लेट मात्र कॅमेऱ्याबाहेर!