पंचवीस बारगिरांमागे एक नालबंद

कन्हानच्या काठी हातमागावर वाढलेल्या आमच्या खाप्यात जनावराचा जिव्हाळा म्हटला की तो बैलाचा. मोठ्यांचा पोळा आणि लेकरांचा तान्हा पोळा या त्याच्या दोन पाठशाळा. घोडा मात्र वरातीपुरता, आणि तोही भाड्याचा! ज्या नागपूरकर भोसल्यांचे स्वार थेट बंगालपर्यंत दौडत गेले, त्यांच्याच मुलखात हे पाहून माणसाचे आणि घोड्याचे पूर्वी कसे जुळत असावे असा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर मला रणवर्णनांपेक्षा पागेच्या बंदोबस्तात अधिक सापडते.

बखरकार सभासदाने शिवछत्रपतींच्या घोडदळाची जी व्यवस्था नमूद केली आहे, तिच्यात 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांचा एक हजारी अशी चढती रचना आहे. वाचकाची दृष्टी स्वभावतः हजारीवर खिळते. परंतु पाणी वाहणारा पखालजी आणि खुरांची निगा राखणारा नालबंद यांची नेमणूक त्या पंचविसांमागेच झालेली आहे, हे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. म्हणजे जे जनावर आपल्या मालकीचे नाही त्याच्याशी सख्य जोडण्याचे काम बारगिराला करावे लागे, आणि ते एका हवालदाराच्या नजरेत मावेल एवढ्याच टोळीत होई. पुढे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनी धाडलेल्या पत्रात दाणावैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंतची ताकीद आहे. एवढ्या बारकाव्याचा हुकूम हजारांच्या गर्दीला देऊन भागत नाही. तो अमलात येतो तो ज्याला प्रत्येक घोडी ओळखू येते त्याच्या हातून.

आज घोडेस्वारी शिकवतानाही टोळी लहानच का हवी, ते घोड्याच्या स्वभावावरून कळते. घोडा हा कळपाचा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने भोवतालचे जवळजवळ सारे त्याला दिसते, फक्त थेट पाठीमागचे आणि नाकासमोरचे थोडे दिसत नाही. माणसाच्या अंगातील हालचाल तो किती सूक्ष्मपणे वाचतो, याचे प्रमाण बर्लिनच्या ‘हान्स’ने दिले: गणिते सोडवतो म्हणून गाजलेला हा घोडा वस्तुतः विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून टाप थांबवतो, असे ऑस्कर फुंगस्ट याने 1907 साली सिद्ध केले. अशा एका प्राण्यापुढे वीस विद्यार्थी उभे केले, तर त्याने कोणाकडे लक्ष द्यावे? उलट एकट्या शिकाऊला आपलेच आखडलेले खांदे दिसत नाहीत. चारपाच जणांत मात्र एकाच्या हाती लगाम असतो, आणि बाकीचे घोड्याचे कान कोणत्या क्षणी मागे गेले व स्वाराने त्याच क्षणी श्वास कसा रोखला, ते पाहतात. मानेच्या मुळाशी, जेथे घोडे परस्परांना दातांनी खाजवतात, तेथे हात फिरवला की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हेही संशोधकांनी मोजले आहे. खोगिरावर चढण्याआधी प्रत्येकाने एवढे शिकले तरी पहिला दिवस सार्थकी लागला म्हणावा.

नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी 1937 साली नाशिकास सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये अश्वारोहण शिकविले जाते. पण ते निवासी विद्यार्थ्यांसाठी. खाप्यासारख्या गावाला एवढा थाट नको. एक वयस्क, शांत घोडी, चार मुले आणि खरारा करवून घेणारा एक जाणता माणूस एवढ्यावर आरंभ होईल. अडेल ते नालबंदापाशी. कारण खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात, आणि तो कसबी माणूस आणायचा कोठून, हे मुले जमविण्याआधीच ठरवावे लागेल.