वजन कां उतरत नाहीं?

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यास उष्मांकांचें शास्त्र ठाऊक नसेल. परंतु वजन उतरविण्याच्या मार्गांतील पहिली अडचण त्यानें अचूक हेरली होती. नाशिक हें तीर्थक्षेत्र. तेथें उपवासांस तोटा नाहीं. सोमवार, चतुर्थी, एकादशी मिळून पंचवटींतील एखाद्या घरीं महिन्याकांठीं सहासात उपवास सहज घडतात. तरीहि त्याच घरांतील गृहिणीस जिना चढतांना गुडघे धरावे लागतात, गृहस्थांच्या रक्तांतील साखर वाढत जाते, आणि ‘वजन कमी करा’ हा डॉक्टरांचा उपदेश वर्षानुवर्षें तसाच राहतो. मग ‘यांना निग्रहच नाहीं’ असें घरचींच माणसें म्हणूं लागतात. हा बोल कितपत न्याय्य आहे, हें तपासणें अगत्याचें आहे. मधुमेहासारखा आजार दाराशीं उभा असतां चुकीचें निदान परवडत नाहीं.

प्रथम उपवासाचाच हिशेब घ्यावा. १०० ग्रॅम साबुदाण्याचे सुमारें ३५० उष्मांक, २५ ग्रॅम दाण्यांच्या कुटाचे १४०, आणि १५ ग्रॅम तुपाचे १३५. म्हणजे खिचडीची एक भरगच्च बशी सव्वासहाशें उष्मांकांच्या घरांत जाते. तीन पोळ्या, पालेभाजी व वाटीभर वरण हें नित्याचें जेवण बहुधा याहून जड नसतें. उपवासाचें धार्मिक मोल निराळें. तें तराजूंत घालावयाचें नाहीं. परंतु ‘आज कांहीं खाल्लें नाहीं’ ही समजूत मात्र तराजू मान्य करीत नाहीं.

दुसरी अडचण व्यायामाविषयींच्या अवास्तव अपेक्षेची. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं त्र्यंबकेश्वरीं हजारों भाविक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करितात. हा मार्ग सुमारें २० किलोमीटरांचा. ७० किलो वजनाचा मनुष्य तो चालून आला, तर स्वस्थ बसण्याच्या मानानें त्याचे अदमासें हजार उष्मांक अधिक खर्च होतात. एक किलो चरबींत मात्र सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. म्हणजे एवढ्या पायपिटीनें झडणारी चरबी दीडशें ग्रॅमहि भरत नाहीं. आणि परततांना भुकेच्या भरांत घेतलेली मिसळ त्यांतील बराच वांटा वसूल करिते. चालणें म्हणून व्यर्थ ठरत नाहीं. तें हृदयास हितकर आहे, साखर आटोक्यांत ठेवतें, आणि एकदां उतरलेलें वजन पुन्हां चढूं नये म्हणून फार उपयोगी पडतें. केवळ त्याच्या भरंवशावर ताटाकडे दुर्लक्ष करणें, ही चूक.

तिसरी अडचण सर्वांत बळकट, आणि ती शरीराच्या आंतच वसते. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, सहा महिने सुमारें निम्म्या आहारावर ठेविलें. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर नाडी मंदावली, थंडी सोसवेना, हालचाल कमी झाली, आणि दिवसभर अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. पुढें १९९४ सालीं लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. तें चरबींतूनच स्रवतें आणि सांठा किती आहे याची वर्दी मेंदूस देतें. चरबी घटली कीं ही वर्दी क्षीण होते, भूक वाढते व खर्च आंखडतो. दुष्काळाची चाहूल लागतांच शेतकरी कणगीवर झांकण घालतो, तसाच हा प्रकार. दोन महिने उतरत आलेला कांटा अकस्मात् थबकतो, तो बहुधा यामुळें. लोक त्यास आळस म्हणतात; वास्तविक ती देहाची सावधगिरी असते.

चौथी अडचण कांट्यावरील अंधविश्वासाची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहांतहि चरबी लपलेली असते, असा त्याचा अर्थ. म्हणूनच कमरेचा घेर पुरुषांनीं ९० व स्त्रियांनीं ८० सेंटिमीटरांच्या आंत राखावा, असें सांगतात. उलट, कांटा हलला नाहीं म्हणून प्रयत्न वायां गेला असेंहि नव्हे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांवर चेन्नईस झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आहार व चालणें सुधारल्यानें मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनीं घटला. वजन मात्र फारसें उतरलें नव्हतें.

राहतां राहिली घरची अडचण. ‘आणखी एक घ्या, माझी शपथ’ असा आग्रह करावयाचा, आणि आठवड्यानें कांट्यावर उभें करून हंसावयाचें, हा व्यवहार बरा नव्हे. उरलेला भात टाकवत नाहीं म्हणून जी माउली तो स्वतःच्या पानांत घेते, तिला उपदेश नको आहे. रांधतांनाच भात मोजका असावा, एवढेंच तिला हवें आहे. महिन्याचें तेल साऱ्या घरानें मिळून मोजावें, जेवणानंतर साऱ्यांनीं मिळून गोदाकांठीं फिरावें, आणि आग्रह केलाच तर ताकाचा करावा. एकट्याच्या निग्रहास जें जड जातें, तें घराच्या रीतीस पुष्कळदां हलकें होतें.